कॅसेट कुठून आणलीस?

स्मरणिकेसाठी विषय वाटले गेले तेव्हा शिक्षक, सहली, स्नेहसंमेलन आणि दहावीचा निकाल हे विषय इतरांनी आधीच पटकावले होते. मी इतिहास शिकवते, म्हणून संपादक मंडळाने माझ्या वाट्याला 'आपले नगर : इतिहास' हा विषय ठेवला. पण भुईकोट किल्ला, चांदबीबी, किल्ल्यातल्या बंदिवासात नेहरूंनी केलेले लेखन यांवर जाणकारांनी माझ्यापेक्षा पुष्कळ चांगले लिहून ठेवले आहे. म्हणून संपादकांची परवानगी काढून मी एका लहानशा इतिहासावर लिहिते आहे. आपण, म्हणजे १९९७ साली दहावी झालेल्या तुकडीने, व्हिडिओ गेम कुठून आणले त्याचा हा इतिहास.

सर आणि बाई, कृपया हसू नका. माणसे एखादी वस्तू कुठून घेणे पसंत करतात यावरून त्या काळाची बरीच माहिती मिळते. सरकारी धोरण कळते, खिशातले पैसे कळतात, कोणाचा कोणावर विश्वास होता ते कळते. आणि कोणत्या दुकानासमोर कोणाला उभे राहता येत होते, हेही कळते. शिवाय या इतिहासात माझा एक जुना हिशेब थकला आहे. तो शेवटी सांगते.

सुरुवात विकत घेण्यापासून होत नाही, भाड्यापासून होते. आपण सहावी-सातवीत असताना टॉकीजच्या आसपास आणि बसस्थानकाकडच्या बोळांत व्हिडिओ गेमची पार्लरे होती. लाकडी खोक्यात बसवलेला टीव्ही, दोन दांडे, सहा बटणे, आणि दारावर पडदा. रुपया टाकायचा आणि मरेपर्यंत खेळायचे. वर्गातली मुले मधल्या सुट्टीत ज्या 'मुस्तफा'बद्दल बोलायची, तो गेम मुळात जपानच्या कॅपकॉम कंपनीचा, १९९३ सालचा. त्याचे खरे नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स'. त्यातल्या चार खेळाडूंपैकी एकाचे नाव मुस्तफा होते आणि तो सगळ्यांचा लाडका होता, म्हणून भारतभर त्या गेमलाच 'मुस्तफा' हे नाव पडले. त्या चौघांत हॅना नावाची एक स्त्रीही होती. हे मला फार पुढे, घरच्या कॉम्प्युटरवर तो गेम पाहिला तेव्हा कळले. कारण आमच्यापैकी एकही मुलगी त्या पडद्याच्या आत कधी गेली नव्हती. कोणी स्पष्ट मनाई केली होती असे नाही. तशी वेळच येत नव्हती.

मग घराघरांत 'टीव्ही गेम' आला. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी 'फॅमिली कॉम्प्युटर' नावाचे यंत्र बाजारात आणले होते. आपल्याकडे जे पोहोचले ते बहुतेक त्याच्या नकलांच्या रूपात. 'लिटल मास्टर', 'मीडिया', 'समुराई' ही नावे अनेकांना आठवतील. यंत्राची वायर टीव्हीच्या अँटेनाच्या जागी लावायची, चॅनेल जुळवायचे, आणि मुंग्यांमधून एकदम मारिओ उगवायचा. भारनियमनाची वेळ झाली की तोही जायचा. गेम जिथे थांबला तिथून पुढे सुरू करण्याची सोय बहुतेक कॅसेटमध्ये नव्हतीच, त्यामुळे वीज आल्यावर पुन्हा पहिल्यापासून.

मूळ कंपनीचा माल सोडून आपल्या हाती नकला का पडल्या, याचे उत्तर खेळात नाही, आयात धोरणात आहे. १९९१ साली उदारीकरण सुरू झाले खरे, पण ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवरचे संख्यात्मक निर्बंध पुढे दहा वर्षे टिकले. त्यांतले शेवटचे १ एप्रिल २००१ रोजी उठले. त्याआधी अशा वस्तू सरळ मार्गाने आणायच्या तर जकात जबर. सेगा कंपनीने नव्वदच्या दशकात शॉ वॉलेसशी हातमिळवणी करून आपली यंत्रे इथे आणली, पण ती मध्यमवर्गीय घराला परवडणारी नव्हती. मग उरत होते ते आखाती देशांतून येणारे नातेवाईक, मुंबईतले मनीष मार्केट, हाजीअलीजवळचे हिरा पन्ना आणि लॅमिंग्टन रोड.

नगरकरांसाठी त्याहून जवळचे म्हणजे पुण्याची तापकीर गल्ली. नगर-पुणे अंतर साधारण १२० किलोमीटर. पहाटेची एसटी धरायची, शिवाजीनगरला उतरायचे, बुधवार पेठेत जाऊन माल घ्यायचा आणि रात्रीपर्यंत घरी. आपल्या गावातले दुकानदारही माल तिथूनच आणत. तापकीर गल्लीत कॅसेट स्वस्त मिळायची, हे सगळ्यांना माहीत होते. तरी वर्गातल्या बहुतेकांनी कॅसेट नगरलाच घेतल्या, वर पन्नास रुपये जास्त देऊन. या इतिहासातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच आहे.

असे का, याचे कारण कॅसेट वापरणाऱ्यालाच कळेल. 'नव्व्याण्णव इन वन' असे लिहिलेल्या कॅसेटमध्ये खरे गेम सात-आठ असायचे. बाकीचे तेच, वेगळ्या नावाने किंवा वेगळ्या टप्प्यापासून सुरू होणारे. वेष्टनावरचे चित्र एका गेमचे, आत दुसराच. चालू आहे की नाही हे लावून बघितल्याशिवाय समजायचे नाही. पुण्यात घेतलेली कॅसेट घरी येऊन चालली नाही, तर ती परत करायला एसटीचे तिकीट पुन्हा काढणार कोण? नगरच्या दुकानात मात्र काउंटरवर लहान टीव्ही असायचा. "लावून दाखवा काका," म्हटले की काका कॅसेटच्या तोंडात फुंकर मारून ती लावून दाखवायचे. आठ दिवसांनी कंटाळा आला की जुनी कॅसेट द्यायची, वर दहा-वीस रुपये द्यायचे आणि दुसरी घ्यायची. म्हणजे आपण तेव्हा गेम विकत घेत नव्हतो. आपण अदलाबदलीचा हक्क विकत घेत होतो. किमतीतला तो जास्तीचा पन्नासचा आकडा त्या हक्काचा होता.

परदेशातून आलेला अस्सल मालही इथे कुचकामी ठरायचा, त्याची एक आठवण. एका वर्गमित्राच्या काकांनी अमेरिकेहून निन्टेन्डोची खरी, करकरीत कॅसेट आणली. सगळा वर्ग बघायला गेला. ती त्याच्या यंत्रात बसेचना. अमेरिकेतल्या कॅसेटला ७२ पिना असत, आणि आपल्या नकला जपानी यंत्रावर बेतलेल्या, म्हणून ६० पिनांच्या. ती कॅसेट पुढे त्यांच्या शोकेसमध्ये चिनी मातीच्या बदकांशेजारी कितीतरी वर्षे उभी होती. वस्तू कितीही चांगली असो, ती आपल्या घरात बसली पाहिजे आणि बिघडली तर कोणाकडे तरी घेऊन जाता आली पाहिजे, हे आम्ही त्या दिवशी शिकलो.

आता मुलींचे. आमच्या घरी टीव्ही गेम दादासाठी आला होता. दादा अकरावीत गेला, त्याला क्लास लागले, आणि यंत्र मला मिळाले. पण कॅसेट बदलून आणायची कुठून? दुकाने मुलांनी गजबजलेली. एक-दोनदा गेले तर, "काय पाहिजे? भावाला पाठव," असे ऐकले. मग मला एक जागा सापडली. मोची गल्लीच्या बाजूला एक कटलरीचे दुकान होते. टिकल्या, बांगड्या, नेलपॉलिश, राख्या आणि मुलांची खेळणी. दुपारी गल्ल्यावर काकू बसायच्या. काचेच्या कपाटात खालच्या फळीवर पिवळ्या, काळ्या कॅसेट ठेवलेल्या असायच्या. काकूंना त्यातले काही कळत नव्हते. त्यांनी मला कधी लावून दाखवले नाही, कारण दुकानात टीव्हीच नव्हता. पण त्या म्हणायच्या, "घेऊन जा, नाही चालली तर उद्या आण." आणि "कोणासाठी?" हे त्यांनी एकदाही विचारले नाही. तिथे गेमची निवड कमी होती, भाव किंचित जास्त होता. तरी दोन वर्षे मी दुसरीकडे गेले नाही. आईला वाटायचे मी रिबिनी आणायला जाते. तेही खोटे नव्हते, रिबिनीही आणायचे.

'कॉन्ट्रा' मला तिथेच मिळाला, नववीत असताना. ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी सांगते. सुरुवातीच्या पडद्यावर वर वर, खाली खाली, डावी उजवी, डावी उजवी, बी, ए, अशी बटणे दाबली की तीनऐवजी तीस जीव मिळायचे. ही युक्ती कोनामी कंपनीच्या काझुहिसा हाशिमोतो यांची. 'ग्रॅडियस' हा गेम घरच्या यंत्रासाठी १९८६ साली तयार करताना त्यांना स्वतःलाच तो अवघड जायला लागला, म्हणून चाचणीपुरती त्यांनी ती घातली आणि काढायची राहून गेली. जपानमधली ही सोय नगरच्या शाळेत कंपासपेटीतल्या चिठ्ठ्यांवरून कशी पोहोचली, याचा शोध कोणी लावणार नाही. पण ती पोहोचली. दुकानदार फक्त कॅसेट विकत होते. ती खेळायची कशी हे ज्ञान वर्गात फुकट मिळत होते. कॅसेट एकमेकांत फिरत होत्या म्हणून चिठ्ठ्याही फिरत होत्या.

दहावीनंतर पांगापांग झाली आणि दोन-तीन वर्षांत कॉम्प्युटर आले. कॅसेटच्या दुकानांची जागा असेंबल्ड कॉम्प्युटर जोडून देणाऱ्यांनी घेतली. आता गेम कुठून घ्यायचा हा प्रश्न 'कॉम्प्युटर कोणाकडून घ्यायचा' या प्रश्नात विरघळला. कारण जोडणारा मुलगा विचारायचा, "गेम कोणते टाकू?" 'डेव्ह', 'प्रिन्स ऑफ पर्शिया', 'रोड रॅश', पुढे 'व्हाइस सिटी' हे सगळे कॉम्प्युटरसोबत आल्यासारखेच होते. जो जास्त गेम भरून देईल त्याच्याकडे गर्दी. नाहीतर रस्त्यावर पन्नास रुपयांची सीडी. 'डिजिट'सारखी मासिके बसस्थानकावरच्या बुक स्टॉलवर मिळायची, त्यांच्यासोबतच्या सीडीत गेमचे नमुने असायचे. कायदेशीर मार्गाने आपल्या गावात पोहोचणारे गेम बरेचसे तेवढेच.

इथे इतिहासाची शिक्षिका म्हणून एक गोष्ट नोंदवली पाहिजे. संगणकाच्या प्रोग्रॅमची चोरटी प्रत जाणूनबुजून वापरणे हा आपल्या स्वामित्व हक्क कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने गुन्हा ठरवला गेला. किमान सात दिवसांची कैद त्यात लिहिलेली आहे. त्या हिशेबाने आपली अर्धी तुकडी आत असती, आणि त्यात मीही. आपण लबाड होतो असे मी म्हणणार नाही. मूळ डबा घ्यायचा म्हटले तर तो पुण्या-मुंबईच्या मोठ्या दुकानात, आणि किंमत बाबांच्या पगाराच्या मानाने फार. पण ज्यांनी ते गेम रात्र-रात्र बसून तयार केले, त्यांच्यापर्यंत नगरहून एक रुपयाही गेला नाही, हेही खरे आहे. काकांना पैसे मिळाले, काकूंना मिळाले, असेंबल करणाऱ्याला मिळाले. हाशिमोतोंना नाही.

त्यानंतरचा काळ मोबाईलच्या दुकानांचा. नोकियाच्या ६११० या फोनमध्ये १९९७ साली, म्हणजे आपल्या दहावीच्याच वर्षी, साप आला. पण तो फोनसोबतच यायचा, विकत घ्यावा लागत नव्हता. पुढे रंगीत पडदे आले आणि रिचार्जच्या दुकानांत 'मेमरी कार्ड भरून मिळेल' अशा पाट्या लागल्या. गाणी, पिक्चर, गेम, सगळे एकाच भावात, जागेच्या मापाने. पाथर्डी, शेवगाव, राहुरी, कोणत्याही बसस्थानकासमोर ही सोय होती. खेड्यातल्या मुलांना गेमसाठी तालुक्याच्या बाहेर जावे लागले नाही, असे बहुधा प्रथमच घडले.

मग ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आले आणि दुकानात जायचे कारणच संपले. त्याआधीची तयारी मात्र दूर कुठेतरी चालली होती. अमेरिकेतल्या व्हॉल्व्ह कंपनीने २००३ साली 'स्टीम' हे इंटरनेटवरचे दुकान सुरू केले. २०१५ पासून त्यावर रुपयांत किमती दिसू लागल्या. यूपीआय आल्यावर तर क्रेडिट कार्डाचीही अडचण उरली नाही. आज माझा भाचा सावेडीतल्या घरी बसून, तापकीर गल्लीचे नावही न ऐकता, जगातला जवळजवळ कोणताही गेम त्याच दिवशी घेतो. किमती उतरायची वाट बघतो, सेलमध्ये घेतो, आणि पैसे बनवणाऱ्यापर्यंत जातात. हे चांगले झाले यात शंका नाही. शिवाय त्या दुकानात कोणीही मुलीला "भावाला पाठव" म्हणत नाही.

पण आपण ज्या हक्कासाठी पन्नास रुपये जास्त देत होतो, तो त्यात नाही. भाच्याला मी म्हटले, "हा खेळून झाला की मित्राला दे, त्याचा तू घे." तो म्हणाला, "मावशी, देता येत नाही. तो माझ्या खात्याला आहे." खरे तर तो त्याचाही नाही. त्याला मिळाला आहे तो वापरायचा परवाना. 'द क्रू' हा मोटारींच्या शर्यतीचा गेम २०१४ मध्ये आला आणि ३१ मार्च २०२४ ला कंपनीने त्याचे सर्व्हर बंद केले. ज्यांनी त्याची तबकडी दुकानातून पैसे देऊन घेतली होती, त्यांची तबकडीही निरुपयोगी झाली. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२५ पासून असा कायदा आहे की असा माल विकताना ग्राहकाला मालकी मिळत नाही, फक्त परवाना मिळतो, हे विक्रेत्याने स्पष्ट सांगावे. आमच्या काकूंनी न सांगता याच्या उलट देऊ केले होते. कॅसेट माझी होती. मी ती कोणालाही देऊ शकत होते.

आणि मी ती दिली. इथे माझा हिशेब येतो.

नववीत, पावसाळ्यात, भूगोलाच्या तासाला माझा 'कॉन्ट्रा' नकाशावहीत घालून बाकांखालून मागे सरकत गेला. मागच्या बाकावरच्या एका मुलाशी अदलाबदल ठरली होती. त्याच्या हातात असताना सरांनी नकाशावही उघडली. "ही कुणाची?" वर्ग गप्प. तो उभा राहिला. "माझी, सर." "कुठून आणलीस?" त्याने बेधडक चितळे रोडवरच्या एका दुकानाचे नाव सांगितले. दोन तास तो वर्गाबाहेर उभा होता. दुसऱ्या दिवशी त्याच्या वडिलांना शाळेत बोलावले. कॅसेट शिक्षकांच्या खोलीतल्या कपाटात गेली. मी पहिल्या बाकावर बसले होते आणि एक शब्द बोलले नाही.

कोणालाच संशय आला नाही, कारण मुलगी कॅसेट आणते हे कोणाच्या मनातच येत नव्हते. आठवड्याने सायकल स्टँडवर मी त्याला कसेबसे विचारले, नाव का नाही घेतलेस. तो म्हणाला, "मला काय, दुसऱ्या दुकानात जाईन. तुला परत कोणी जाऊ दिलं असतं का?" चौदा वर्षांच्या मुलाला एवढे कळले होते. त्याचे आभार मानायचे मला मात्र सुचले नाही. निरोप समारंभाच्या दिवशी सरांनी त्याला बोलावून कॅसेट परत दिली. त्याने ती मला देऊ केली, मी म्हटले राहू दे.

२०२० मध्ये पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या मंडळींनी 'राजी' नावाचा गेम काढला. त्यांनी २०१७ मध्ये लोकांकडून वर्गणी मागून पाहिली होती, ती पुरेशी जमली नाही, तरी चिकाटीने पूर्ण केला. एक मुलगी राक्षसांशी लढत आपल्या भावाला शोधते, अशी त्याची गोष्ट. मी तो घरच्या कॉम्प्युटरवर पूर्ण किंमत देऊन घेतला. आयुष्यात पैसे देऊन, पावतीसह घेतलेला माझा पहिला गेम. पुण्याला जाणारी एसटी न धरता पैसे पुण्यात पोहोचले, याचे मला फार बरे वाटले. घेऊन झाल्यावर कोणाला तरी द्यावासा वाटला, आणि देता येत नाही हे आठवले.

मागच्या वर्षी आपल्या ग्रुपवर त्याने एक फोटो टाकला. काळी कॅसेट, कोपरा तुटलेला. खाली लिहिले होते, "सरांनी परत दिलेली. अजून चालते का माहीत नाही." सगळ्यांनी त्याला त्या दोन तासांवरून चिडवले. तो हसण्याच्या खुणा टाकत राहिला. तेव्हाही मी काही लिहिले नाही.

सर, संमेलनाला तुम्ही येणार आहात असे कळले, म्हणून आता लिहिते. ती कॅसेट त्याची नव्हती. माझी होती. मोची गल्लीजवळच्या कटलरीच्या दुकानातून, एक जुनी कॅसेट आणि वर वीस रुपये देऊन मी ती आणली होती. बाहेर उभे राहण्याचे ते दोन तास माझ्या नावावर मांडावेत. आणि मित्रा, येताना ती घेऊन ये. यंत्र मी शोधून ठेवले आहे, चालते का ते फुंकर मारून बघू.